डिसेंबरात पळणारी गाडी मे महिन्यात जड का पडते?

डिसेंबरातली सकाळ, साडेसहाची वेळ, नागपूरच्या वर्धा रोडवर धुकं आणि बाहेर ११ अंश. गाडी एकदा नीट गरम झाली की तिसऱ्या गिअरमध्ये अशी सुटते की वाटतं रात्रीतून कोणी इंजिनच बदलून ठेवलं. आणि हीच गाडी, हाच ड्रायव्हर, तेच पेट्रोल, नवतपा, म्हणजे मे अखेरचे ते नऊ तापलेले दिवस, चालू असताना दुपारी तीनला डबल डेकर पुलावर चढवा, एसी चालू, मागे बायको-पोरं, की ती अशी कण्हत चढते जसं कोणी मागून दोरी बांधून धरलंय. आमची गाडी साधी १२०० सीसीची पेट्रोल हॅचबॅक आहे, टर्बो वगैरे काही नाही, त्यामुळे हा फरक जरा जास्तच जाणवतो.

दोन वर्षांपूर्वी मी या उन्हाळी आजारपणासाठी एका गॅरेजमध्ये गेलो. त्यांनी बोनेट उघडलं, दोनदा रेस देऊन ऐकलं, मान हलवली आणि सांगितलं, "भाऊ, थ्रॉटल बॉडी चोकअप झाली, इंजेक्टर पण क्लीन करावे लागतील." साडेतीन हजार गेले. गाडी होती तशीच. मग जूनमध्ये पहिले दोन पाऊस झाले आणि काहीही न करता गाडी आपोआप सुधारली, तेव्हा डोक्यात ट्यूब पेटली की बिघाड गाडीत नव्हताच, हवेत होता. त्यानंतर मी एक ओबीडीचा डोंगल घेतला, तो छोटासा ब्लूटूथवाला जो स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये लावतात आणि मोबाईलवर इंजिनचे आकडे दिसतात, आणि वर्षभर येडपटासारखे आकडे बघत बसलो. त्यातून जे कळलं ते इथे लिहितोय.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा, कारण बाकी सगळं तिच्यावरच उभं आहे. इंजिन हवा लिटरनं ओढतं, पण ताकद किलोच्या हिशोबानं देतं.

म्हणजे कसं, बघा. १२०० सीसीचं इंजिन दोन फेऱ्यांमध्ये जास्तीत जास्त १.२ लिटर हवा आत घेऊ शकतं, कारण सिलिंडरमध्ये जागाच तेवढी आहे. ३००० आरपीएमला फुल रेस दिली तर मिनिटाला साधारण १८०० लिटर हवा झाली. गच्चीवरची हजार लिटरची टाकी असते ना, तशा जवळपास दोन टाक्या भरून हवा दर मिनिटाला. हा आकडा उन्हाळ्यात तोच आणि हिवाळ्यातही तोच, सिलिंडर काही थंडीत मोठा होत नाही. पण त्या हवेचं वजन बदलतं. समुद्रसपाटीला १० अंशाला एक घनमीटर हवा साधारण १.२५ किलो भरते आणि ४० अंशाला १.१३ किलो, कारण गरम झाली की हवा फुगते, विरळ होते. म्हणजे आपल्या त्या १८०० लिटरमध्ये थंडीत सव्वादोन किलो हवा आणि उन्हाळ्यात जेमतेम दोन किलो. सरळ दहा टक्क्यांचा फरक, आणि अजून आपण बोनेटच्या आतली गरमी धरलेलीच नाही.

आता पेट्रोल जाळायला ऑक्सिजन लागतो आणि तो वजनाच्या प्रमाणात लागतो. एक ग्रॅम पेट्रोलला साधारण १४.७ ग्रॅम हवा. (इथेनॉल मिसळलं की हे प्रमाण थोडं खाली येतं, पण हिशोब तोच.) हवा कमी आली तर पेट्रोलही कमीच टाकावं लागतं, नाहीतर ते अर्धवट जळून काळा धूर होऊन बाहेर. आणि पेट्रोल कमी जळलं की ताकद कमी, विषय संपला. गवळी रोज लिटरनंच दूध घालतो, माप तेच असतं, पण खवा आटवायला बसलं की कळतं दुधात दम किती होता. उन्हाळ्याची हवा म्हणजे तसलं पातळ दूध.

आता इथे कोणी हुशार माणूस म्हणेल की हवा दहा टक्के कमी म्हणजे पॉवर दहा टक्के कमी. एवढी होत नाही. एसएई नावाची अमेरिकन इंजिनिअर लोकांची संस्था आहे, तिचं इंजिनची पॉवर मोजायचं एक प्रमाण आहे ज्यात २५ अंशाची हवा धरून आकडा दुरुस्त करतात, आणि त्या सूत्रात तापमान सरळ नाही, त्याचं वर्गमूळ येतं. त्या हिशोबानं १० वरून ४० अंशाला गेलं तर साधारण सहा टक्के पॉवर जाते. याचं कारण असं की थंड हवा आत जाताजाता गरम मॅनिफोल्डला (हवा सिलिंडरांकडे वाटून नेणाऱ्या नळ्या) आणि व्हॉल्व्हला घासून जाते आणि तिचा थंडपणा वाटेतच थोडा खर्च होतो, गरम हवा मात्र आधीच गरम असल्यामुळे तेवढी तापत नाही. तर ८० बीएचपीच्या गाडीतून पाचेक बीएचपी गेले समजा. एवढं तर गेलं, पण पाच बीएचपीनं गाडी इतकी रडकी होत नाही. बाकीची चोरी दुसरीकडे होते, त्याकडे येतोच.

त्याआधी हे बघू की गाडीला कळतं कसं की बाहेर गरम आहे. एअर फिल्टरच्या पुढे, हवेच्या वाटेत, एक बारकासा सेन्सर बसवलेला असतो, हवेचं तापमान मोजणारा, शॉर्टमध्ये आयएटी म्हणतात. आत काही फार भारी नसतं, एक थर्मिस्टर असतो जो गरम झाला की त्याचा रेझिस्टन्स उतरतो, बस. आपल्याकडच्या बऱ्याच छोट्या गाड्यांत हा सेन्सर मॅनिफोल्डमधला दाब मोजणाऱ्या मॅप सेन्सरच्याच डब्यात असतो. दाब कळला, तापमान कळलं, आरपीएम माहीत आहे, की ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा छोटा कॉम्प्युटर, गणित करून काढतो की आत किती ग्रॅम हवा आली, आणि त्या मापानं इंजेक्टर उघडतो. पुढे सायलेन्सरच्या पाइपमधला ऑक्सिजन सेन्सर तपासणी करतो की हिशोब बरोबर होता का, चुकला असेल तर ईसीयू पुढच्या वेळी सुधारतो. हे सगळं सेकंदाला कित्येक वेळा. म्हणून आजच्या गाडीत उन्हाळा-हिवाळ्यात मिश्रण बिघडत नाही, फक्त एकूण मालच कमी-जास्त येतो. पण हा सेन्सर घाणीनं माखला किंवा खोटं सांगायला लागला की मग गाडी खरंच मिसिंग करते. ते ओळखायची सोपी युक्ती, गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी इग्निशन ऑन करायचं, स्टार्ट नाही करायची, आणि स्कॅनरवर हवेचं तापमान आणि कूलंटचं तापमान बघायचं. दोन्ही जवळपास सारखे आणि बाहेरच्या हवेइतके दिसले पाहिजेत. एक २४ दाखवतोय आणि दुसरा ५१, तर कोणीतरी खोटं बोलतंय.

आता मुख्य चोर. नॉकिंग.

पिस्टन वर येताना हवा-पेट्रोल दाबतो आणि दाबलं की ते तापतं, सायकलमध्ये हवा भरताना पंपाचं खालचं टोक गरम होतं तसंच. ११:१ कॉम्प्रेशनच्या, म्हणजे हवा अकराव्या हिश्शात दाबणाऱ्या इंजिनात केल्विनमधलं तापमान (आपले अंश अधिक २७३) दाबून झाल्यावर साधारण दुप्पट होतं. याचा अर्थ असा की आत शिरताना हवा ३० अंशांनी जास्त गरम असली तर दाबून झाल्यावर ती साधारण ६० अंशांनी जास्त गरम असणार. मग काय होतं, प्लगनं ठिणगी टाकली, आग एका बाजूनं पसरत निघाली, आणि ती दुसऱ्या टोकाला पोचायच्या आधीच तिथलं मिश्रण गरमी आणि दाब सहन न होऊन स्वतःच भडकतं. टक-टक-टक असा आवाज येतो, डब्यात छर्रे हलवल्यासारखा. चढावर मोठ्या गिअरमध्ये रेस दाबली की जुन्या गाड्यांत हा आवाज हमखास यायचा. तो नुसता आवाज नसतो, पिस्टनवर हातोडे बसत असतात.

आजच्या बहुतेक गाड्यांत इंजिन ब्लॉकवर एक नॉक सेन्सर स्क्रूनं बसवलेला असतो, तो म्हणजे इंजिनच्या छातीला लावलेला स्टेथोस्कोप. टकटक ऐकू आली की ईसीयू लगेच ठिणगी थोडी उशिरा टाकतो, म्हणजे टायमिंग मागे घेतो. बऱ्याच गाड्यांत तर टकटक व्हायचीही वाट बघत नाहीत, आयएटी जास्त दिसला की आधीच टायमिंग मागे घेऊन ठेवतात. इंजिन वाचतं, पण ठिणगी उशिरा म्हणजे पिस्टन खाली निघाल्यावर मागून ढकलल्यासारखं, झोका पुढे गेल्यावर धक्का दिला तर जेवढा जोर लागेल तेवढाच. ताकद जाते आणि ती गरमी कामाला न येता सायलेन्सरमधून बाहेर जाते.

मी हे माझ्या डोळ्यांनी बघितलंय. एकच पूल, तिसरा गिअर, ५० चा स्पीड, पाय साधारण तेवढाच दाबलेला. जानेवारीत सकाळी मोबाईलवर हवेचं तापमान १९ आणि टायमिंग २० अंशांच्या आसपास (हे अंश गरमीचे नाहीत, पिस्टन वरच्या टोकाला पोचायच्या किती आधी ठिणगी पडते त्याचे, क्रँकच्या फिरण्यात मोजलेले). मे महिन्यात दुपारी हवा ५८ आणि टायमिंग १३-१४ च्या वर जायलाच तयार नाही. गाडी का कण्हतेय ते त्या दिवशी आकड्यात दिसलं, आणि माझे साडेतीन हजार पण दिसले.

५८ का? बाहेर तर ४४ होतं. तर ही बोनेटची गंमत आहे. गाडी चालत असते तेव्हा समोरून वारा येतो, फिल्टरचं तोंड बहुतेक गाड्यांत ग्रिलच्या मागे असतं, तिथून बऱ्यापैकी ताजी हवा आत जाते आणि आयएटी बाहेरच्यापेक्षा पाच-दहा अंशच वर राहतो. पण गाडी थांबली की वारा बंद, आणि ९० अंशाला तापलेलं इंजिन बंद डब्यात सगळ्यांना भाजत बसतं. प्लॅस्टिकचा मॅनिफोल्ड, फिल्टरचा डबा, पाइप, सगळं तापतं. सिताबर्डीत उन्हात गाडी लावून पाऊण तास खरेदी केली आणि परत येऊन चावी फिरवली तेव्हा माझ्याकडे आयएटी ७१ दिसला होता. एकाहत्तर! त्यावेळी पहिल्या गिअरमध्ये क्लच सोडताना गाडी थरथरते, बंद पडते की काय वाटतं, आणि लोक म्हणतात क्लचप्लेट गेली. हायवेला लागून चार-पाच मिनिटं ८० नं पळवली की तोच आकडा पन्नाशीत येतो आणि गाडी माणसात येते. सिग्नलवर, ट्रॅफिकमध्ये, याच्या उलट, दर थांब्याला आकडा एकेक करून चढत जातो.

आणि दुसरा चोर म्हणजे एसी. कंप्रेसर इंजिनच्याच बेल्टवर फिरतो, बाहेर जेवढं ऊन तेवढं त्याला काम जास्त, छोट्या गाडीत दोन ते पाच बीएचपी तो आरामात खातो. इंजिन देणार आधीच कमी आणि घरात खाणारा एक वाढला. त्यात रेडिएटरचा पंखा दर दोन मिनिटांनी चालू होतो, तो अल्टरनेटरवर लोड टाकतो.

आता 'स्मूथ'चं बोलू, कारण लोक पॉवर आणि स्मूथनेस एकत्र कालवतात. नुसत्या आयडलिंगला, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन चालू, थंड हवेत जास्त ऑक्सिजन असल्यानं इंजिन स्मूथ होतं असं मला वाटत नाही. आयडलला थ्रॉटल, म्हणजे हवेच्या वाटेतली झडप, जवळजवळ बंदच असतो, हवा विरळ असली तर ईसीयू तो केसभर जास्त उघडतो आणि लागेल तेवढी हवा घेतो, टंचाई कसली नसते. उन्हाळ्यात आयडलिंग खडबडीत लागतं ते एसीचा कंप्रेसर कट-इन कट-आउट होत असतो म्हणून, पंख्याच्या लोडमुळे. खात्री करायची असेल तर सिग्नलवर एसी बंद करून दहा सेकंद स्टिअरिंगवर हात ठेवून बघा. चालत्या गाडीतला स्मूथनेस मात्र खरा आहे. थंडीत तेवढ्याच स्पीडला पाय कमी दाबावा लागतो, गिअर खाली टाकावा लागत नाही, इंजिन कमी आरपीएमला निवांत ओढतं, टायमिंग आपल्या जागेवर असतं. उन्हाळ्यात तेच काम करायला तुम्ही रेस जास्त मारता, गिअर पाडता, आवाज वाढतो, आणि मग वाटतं इंजिन रफ झालं.

इथवर वाचून कोणाला वाटेल की मग महाबळेश्वरला गाडी पळायलाच पाहिजे, मस्त थंड हवा. मलाही वाटायचं. पण तिथे गाडी मुंबईपेक्षा जडच वाटते, आणि ते फक्त घाटामुळे नाही. महाबळेश्वर साधारण १३५० मीटरवर आहे आणि उंचीला हवेचा दाबच कमी, दर हजार मीटरला साधारण ११ टक्के उतरतो. हिशोब करा, मुंबईत ३३ अंश आणि वर १८ अंश धरले तर थंडीमुळे हवा पाच टक्के दाट होते पण उंचीमुळे पंधरा टक्के विरळ होते. म्हणजे अंगाला गारवा लागतो आणि इंजिनला उपास घडतो. पुणं ५६० मीटरवर, तिथेही मुंबईपेक्षा सहा टक्के दाब कमी असतोच. लडाखमधली 'खारदुंग ला' ही खिंड जवळपास ५३५० मीटरवर, तिथे तर हवा समुद्रकाठच्या निम्मीच, मग बाहेर बर्फ असला तरी साध्या पेट्रोल गाडीची अर्धी ताकद गेलेली असते.

आणि दमट हवा. पाण्याची वाफ हवेपेक्षा हलकी असते आणि ती ऑक्सिजनची जागा अडवते. पावसाळ्याच्या तोंडावर मुंबईत ३२ अंश आणि ७५ टक्के आर्द्रता असते तेव्हा हवेत साडेतीन टक्के नुसती वाफ असते, जी जळायच्या काहीच कामाची नाही. गवळ्यानं दुधात पाणी घातलं, अजून काय. पण हीच वाफ नॉकिंग थोडं कमी करते, आणि पाऊस पडल्यावर तापमान सात-आठ अंश उतरतं ते वेगळंच, त्यामुळे पावसात गाडी सुखावते ते वाफेमुळे नाही, गारव्यामुळे.

थंडीची दुसरी बाजू पण आहे. निफाडला, आमच्या सासुरवाडीला, जानेवारीत पारा चार-पाचवर येतो, द्राक्षवाले बागेत रात्रीच्या शेकोट्या पेटवतात, आणि सकाळी गाडी चालू केली की पहिलं मिनिट-दोन मिनिटं ती चक्क भांडते. रेस स्वतःहून बाराशे-पंधराशेला, आवाज मोठा, थरथर. कारण पेट्रोल द्रव असताना जळत नाही, त्याची वाफ व्हावी लागते, आणि गार सिलिंडरमध्ये अर्धं पेट्रोल भिंतीला चिकटून राहतं. म्हणून ईसीयू मुद्दाम जास्त पेट्रोल टाकतो. आधी हेच काम चोक ओढून आपण करायचो. ऑइल घट्ट झालेलं असतं, पाकासारखं, ते फिरवायला जोर लागतो. ऑइलच्या डब्यावर ५डब्ल्यू-३० लिहिलेलं असतं त्यातला डब्ल्यू म्हणजे विंटर, तो पहिला आकडा जेवढा छोटा तेवढं ते थंडीत पातळ राहतं. बॅटरीपण थंडीत आळसावते, सेल्फ घरंगळत फिरतो.

पण त्या मोठ्या आवाजातला बराच भाग हा मुद्दाम केलेला असतो, हे मला फार उशिरा कळलं. सायलेन्सरमधला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर अडीचशे-तीनशे अंशाला तापल्याशिवाय धूर साफ करायला लागतच नाही. म्हणून ईसीयू सुरुवातीला रेस वाढवतो आणि टायमिंग मुद्दाम मागे घेतो, म्हणजे गरमी पाइपात जावी आणि तो लवकर तापावा. वर सांगितलं ना, ठिणगी उशिरा टाकली की गरमी वाया जाते, तीच वाया जाणारी गरमी इथे कामाला लावलीय. २०२० च्या एप्रिलपासून बीएस-६ आलं, नियम कडक झाले, त्यामुळे नव्या गाड्या सकाळी जास्तच गुरगुरतात. मिनिटभरात थांबतं. त्यासाठी गाडी उभी ठेवून दहा मिनिटं रेस देत बसू नका, अर्धा मिनिट थांबा आणि हळूहळू निघा, चालत्या गाडीत इंजिन लवकर तापतं. आमचा एक आत्तेभाऊ कॅनडात असतो, तिकडे उणे तीसला तर इंजिनला विजेचा हीटरच असतो, रात्री गाडीची वायर भिंतीतल्या प्लगमध्ये लावून झोपायचं, मोबाईल चार्जिंगला लावतो तसं. त्याच्यापुढे आपलं निफाड म्हणजे काहीच नाही.

इथेनॉलचा यात दुहेरी खेळ आहे. त्याची वाफ व्हायला पेट्रोलपेक्षा बरीच जास्त उष्णता लागते, ती तो आजूबाजूच्या हवेतून ओढतो, म्हणजे आत जाणारी हवा गार करतो, शिवाय ऑक्टेन, म्हणजे स्वतःहून न भडकण्याची ताकद, जास्त, त्यामुळे उन्हाळ्यात नॉकिंगला तो चांगलाच. पण लिटरमागे ऊर्जा कमी म्हणून ॲव्हरेज पडतं, आणि थंडीत वाफ होत नाही म्हणून स्टार्टिंगला नखरे. ब्राझीलमध्ये निव्वळ इथेनॉलवर चालणाऱ्या गाड्यांना बोनेटखाली पेट्रोलची एक पिटुकली वेगळी टाकी द्यायचे, फक्त सकाळी चालू करण्यासाठी. आपल्याकडे २० टक्केच आहे, तेवढा त्रास नाही.

जुन्या गाड्यांत उन्हाळ्याची रडारड वेगळीच होती. प्रीमियर पद्मिनीचा पेट्रोल पंप इंजिनलाच चिकटलेला, तो तापला की पाइपातच पेट्रोलची वाफ व्हायची आणि पंप नुसती वाफ ओढत बसायचा. मिस्त्री लोक याला एअर लॉक म्हणायचे. खंबाटकीच्या घाटात मे महिन्यात बोनेट उघडून उभ्या असलेल्या पद्मिनी आणि पंपावर ओला फडका टाकून बाजूला चहा पीत बसलेले लोक, हे चित्र चाळिशीच्या पुढच्या सगळ्यांनी बघितलंय. आता पंप टाकीत, पेट्रोलमध्ये बुडलेला, आणि लाइनमध्ये दाब तीन बारच्या वर, त्यामुळे तो प्रकार जवळपास संपला. फडका गेला तो गेलाच, २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यावरून पद्मिनी टॅक्सीपण गेली.

टर्बोवाल्यांसाठी थोडक्यात. टर्बो हवा दाबून कोंबतो म्हणून उंचीवर त्याला फारसं काही वाटत नाही, लडाखला टर्बोवाले मजेत असतात. पण दाबली की हवा तापते, शंभर अंशाच्या पुढे सहज जाते, म्हणून समोर इंटरकूलर दिलेला असतो. त्याला वारा लागला तर तो काम करणार, ट्रॅफिकमध्ये तोही तव्यासारखा तापतो. डिझेलला ठिणगीच नाही त्यामुळे टायमिंगचं हे पेट्रोलवालं नाटक नाही, उन्हाळा त्याला कमी लागतो, मात्र थंडीत हीटर प्लग कमजोर असतील तर चालू व्हायला जीव खातो.

ॲव्हरेजचा मुद्दा उलटा आहे आणि बहुतेकांना पटत नाही. थंडीत गाडी पळते चांगली म्हणून ॲव्हरेजपण चांगलं देत असेल, असं नाही. छोट्या छोट्या फेऱ्यांत इंजिन तापेपर्यंत जादा पेट्रोल जातं, ऑइल घट्ट असतं. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याचा आकडा आहे की शहरात उणे ७ अंशाला ॲव्हरेज २५ अंशाच्या मानानं साधारण १५ टक्क्यांनी पडतं. आपल्याकडे एवढी थंडी नाही, पण दिशा तीच. आणि हायवेला एकसारख्या ८० ला, एसी बंद ठेवून, उन्हाळ्यात उलट किंचित बरं मिळू शकतं, कारण विरळ हवा कापायला जोर कमी लागतो आणि थ्रॉटल जास्त उघडा राहिल्यामुळे इंजिनला अडवलेल्या फटीतून हवा ओढायची मेहनत पडत नाही. आता ४४ अंशात एसी बंद ठेवून कोण हे तपासणार, ते सोडा. मी एकदा बुटीबोरीपर्यंत केलं, बायको दोन दिवस बोलली नाही.

राहिला तो बाजारातला कोन फिल्टर. सोसायटीतल्या एका पोरानं सहा हजाराचा लावला, कंपनीचा डबा आणि पुढे ग्रिलपर्यंत जाणारी नळी काढून टाकली आणि तो लाल शंकू सरळ बोनेटच्या आत, एक्झॉस्टपासून वीतभर अंतरावर. म्हणजे कंपनीनं बाहेरची हवा आणायला जी नळी दिली होती ती फेकली आणि इंजिनला त्याचाच तापलेला श्वास परत पाजायला लागला. मी माझा डोंगल त्याच्या गाडीला लावला, दोघं मिळून रिंग रोडला एक चक्कर मारली, बाहेर ४१ आणि आयएटी ६८, चालत्या गाडीत. माझ्या गाडीत तेव्हा त्याच रस्त्यावर ४९ होता. त्याला दोन्ही आकडे दाखवले. त्यानं बघितले, थोडा वेळ गप्प बसला, मग रेस दिली आणि म्हणाला, "पण दादा, आवाज कसला भारी येतो, ते बघा ना!"